कारा समुद्राचा बर्फ आणि मुरबाडचे हळवे भात

सप्टेंबरच्या अखेरीस मुरबाड-शहापूरच्या खाचरांत लवकर तयार होणारे हळवे भात पिकत आलेले असते आणि उशिरा येणारे गरवे फुलोऱ्याकडे निघालेले असते. अशा वेळी दोन दिवस पाऊस कोसळला की हळवे आडवे होते, पाण्यात राहिलेल्या लोंब्यांना कोंब फुटतात आणि फुलोऱ्यातले गरवे पोचट राहते. म्हणूनच गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या आणि नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा वाटतो. रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी राहिला की वातावरणाच्या वरच्या थरांतल्या वाऱ्यांची लाट बदलते आणि मध्य भारतात हंगामाच्या शेवटी अतिवृष्टीची शक्यता वाढते, असा संबंध त्यांनी दाखवला. तापलेला अरबी समुद्र त्या पावसाला बाष्प पुरवतो. सह्याद्रीच्या पायथ्याला हाच नियम जसाच्या तसा लागू पडतो, असा त्यांचा दावा नाही. पण मध्य भारताकडे जाणारे ते बाष्प बरेचसे याच डोंगररांगा ओलांडून जाते. आणि 1979 पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापत असताना हा धागा दुर्लक्षून चालणार नाही.

धागा बारीक आहे, हा आक्षेप रास्तच. उपग्रहांनी बर्फ मोजायला लागून साडेचार दशकांहून थोडा अधिक काळ झाला, म्हणजे पडताळायला सप्टेंबर महिने मिळाले तेवढेच. असे बारीक संबंध पुढे टिकतीलच असे नाही, हा धडा भारतीय हवामान खात्याला जुना आहे. 1904 मध्ये प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी कारकुनांची फौज बसवून जगभरच्या हवामानाचे आकडे मान्सूनशी ताडून पाहिले. त्यातूनच प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा हेलकावा सापडला, हे त्यांचे मोठे यश. पण मान्सूनच्या अंदाजासाठी निवडलेले बरेचसे संबंध पुढच्या दशकांत ढिले पडले. आज कारकुनांच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. 2025 च्या खरिपात तिच्या आधारे पाऊस कधी सुरू होईल याचे संदेश कोट्यवधी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर गेले. हे काम खरोखर मोलाचे आहे. मात्र यंत्राला कितीही संबंध सापडले, तरी त्यातला टिकाऊ कोणता हे ठरवायला वर्षानुवर्षे नीट केलेली मोजणीच लागते, आणि मोजणीच्या बाबतीत ‘सगळे नेटवर्कला जोडलेले’ असण्याचे कौतुक जरा अति होते आहे.

भारताच्या आर्क्टिकमधल्या सर्वांत मोलाच्या उपकरणांपैकी एक कशालाच जोडलेले नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोंग्सफ्योर्डन खाडीत, ‘हिमाद्री’ या आपल्या तळाजवळ, जुलै 2014 मध्ये ‘इंडआर्क’ हा संवेदकांचा दोर सुमारे 190 मीटर खोल पाण्यात सोडला. ध्रुवीय रात्रीतही तो पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह स्वतःच्या स्मृतीत नोंदवत राहतो. आकडे हाती येतात ते तो वर काढल्यावर. मग संवेदक साफ होतात, तपासले जातात आणि दोर पुन्हा पाण्यात जातो. अटलांटिकचे कोमट पाणी त्या खाडीत कसे शिरते, हे अशा सांभाळलेल्या नोंदींमुळेच कळते.

या मोजणीचे दुसरे टोक आपल्या महसूल मंडळात आहे. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि त्यांचे आकडे काही मिनिटांच्या अंतराने मोबाइल नेटवर्कवरून निघतात. अशा केंद्रातला पर्जन्यमापक पाहण्यासारखा असतो. नरसाळ्याखाली सी-सॉसारखी दोन इवलीशी पात्रे असतात. एक भरले की कलते, दुसरे वर येते, आणि प्रत्येक कलण्याला ठरावीक मिलिमीटर पाऊस धरला जातो. नरसाळ्यात पाने अडकली, कोळ्याने जाळे विणले किंवा कुंभारमाशीने घर केले, की बाहेर मुसळधार असताना यंत्र इमानेइतबारे शून्य पाठवते. नंतर तुंबलेले पाणी ठिबकत राहते आणि उघडीप असताना पाऊस नोंदला जातो. अतिवृष्टीत तर पात्र कलण्याच्या क्षणी पडलेले पाणी मोजायचे राहून जाते. म्हणजे ज्या पावसाची सर्वाधिक काळजी, नेमका तोच कमी दिसतो. म्हणूनच अण्णा मणी यांचे नाव आज घ्यावेसे वाटते. 1948 मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी शंभराच्या आसपास उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून ती देशातच बनवायला लावली. चुकीच्या मोजणीपेक्षा मोजणी नसलेली बरी, हे त्यांचे ठाम मत. मान्सूनच्या इतिहासात वॉकर सगळ्यांना माहीत असतात, मणी फारशा कुणाला आठवत नाहीत. हा अन्यायच आहे.

उपग्रह आणि संगणक या उणिवा भरून काढतील, असे कोणी म्हणेल. काही प्रमाणात भरून निघतातही. पण घाटावरचा बराचसा पाऊस बुटक्या, फारशा थंड नसलेल्या ढगांतून पडतो आणि उपग्रहाच्या नजरेला तो कमी दिसतो. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेची अनेक प्रारूपे ज्या जागतिक नोंदींवर शिकली, त्यांचा एकेक चौकोन 25-30 किलोमीटरचा. मुरबाड तालुक्यातल्या, घाटाजवळच्या टोकावड्याला घाटाचा पाऊस झोडपत असताना मुरबाड शहरात नुसती रिपरिप असू शकते. त्या चौकोनात दोन्हींची सरासरी उरते. पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 2025 मध्ये सहा किलोमीटरच्या चौकोनांचे प्रारूप आणले, ही मोठीच झेप. तरी तेही खरे ठरले की नाही हे पडताळायला जमिनीवरचाच आकडा लागणार. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाईही केंद्राच्या आकड्यांवरच ठरते. तेव्हा प्रत्येक केंद्राच्या पावसाच्या आकड्याशेजारी ते शेवटचे कधी साफ केले आणि कधी तपासले, त्या तारखा जाहीर व्हाव्यात, आणि प्रत्येक तालुक्यात एखाद्या केंद्राशेजारी रोज सकाळी साडेआठला माणसाने वाचायचा साधा पर्जन्यमापक कायम ठेवावा.