जुने चलन, जुने हिशेब (लेखांक सहावा) : वीस हजार शेराफिम

धान कापणीला आले की भंडारा जिल्ह्यात गावोगाव एकच चौकशी सुरू होते : यंदा आपली पैसेवारी पन्नासच्या आत की वर? सरकारी कागदावर पैसेवारी असली तरी पवनी-लाखांदूरकडचा म्हातारा शेतकरी अजून आणेवारीच म्हणतो. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि आणा हिशेबातून गेला, पण पीक मोजायला तो मागे राहिला. पोर्तुगीज गोव्यात असेच एक चलन शतकानुशतके टिकले. त्याचे नाव शेराफिम.

इंग्रजी पुस्तकांवरून काहीजण ते ‘झेराफिम’ असे लिहितात. पोर्तुगीज जिभेवर मात्र तिथे ‘श’ येतो, आणि तो ऐकला की मूळ लगेच सापडते : अशरफी. ईजिप्तचा मामलुक सुलतान अल-अशरफ बार्सबाय याने १४२५ साली सोन्याचे नाणे पाडले, त्याला त्याच्या पदवीचे नाव मिळाले. व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून ते होर्मुझच्या बंदरापर्यंत पोचले आणि तिथे पोर्तुगीजांच्या हाती लागले. गोव्यात येईपर्यंत सोने गळाले, चांदी उरली. हिशेब असा : ६० रेइशचा एक टांगा, पाच टांगांचा एक शेराफिम, म्हणजे ३०० रेइश.

वाचायला हे सरळ वाटते. बाजारात ते तसे नव्हते.

लिन्सखोटन नावाचा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस होता. १५९६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात या नाण्याचे बारकाईने वर्णन आहे : चांदीचे, पण भेसळ पुष्कळ; एका बाजूला संत सेबास्तियन, दुसऱ्या बाजूला बाणांची जुडी. गंमत टांगाची आहे. टांगा नावाचे नाणे तेव्हा पाडलेच जात नव्हते, तो फक्त मोजण्यापुरता होता. त्यातही दोन जाती, चांगला आणि वाईट. चार चांगले टांगे म्हणजे पाच वाईट. त्यामुळे शंभर चांगल्या टांगांचे देणे वाईट टांगांत फेडायचे तर सव्वाशे मोजावे लागत. सौदा करताना भावाइतकेच ‘कुठल्या पैशात?’ हे आधी बोलून घेणे आले. चौकाचौकात सराफ बसलेले असत ते उगाच नव्हे!

शेराफिम गोव्यापुरता राहिला नाही. मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. बेटावरच्या जमिनी नक्की कोणाच्या, हा वाद गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या गळ्यात पडला. तोडगा निघाला तो असा की जमीनधारकांनी मिळून कंपनीला दरसाल २०,००० शेराफिम द्यावेत आणि जमिनी राखाव्यात. १६७४ साली हा करार पक्का झाला. राज्य इंग्रजांचे, बेट मराठी-कोकणी माणसांचे, आणि हिशेब मात्र निघून गेलेल्या पोर्तुगिजांच्या चलनात. याच करारातून मुंबईत जमिनीचा ‘पेन्शन अँड टॅक्स’ हा धारणाप्रकार आला. त्यातल्या पेन्शनचा निवृत्तीशी काही संबंध नाही, तो जमिनीवरचा सारा होय.

इकडे गोव्यात अठराव्या शतकात चांदीचा रुपिया रुळला. दोन शेराफिमांचा एक रुपिया, म्हणजे ६०० रेइश. सोन्याचे बारा शेराफिमांचे नाणेही निघत होते. शेवटचा घाव इंग्रजांशी झालेल्या कराराने घातला. १८७८ सालचा हा करार १८८० पासून अमलात आला आणि गोव्याचा रुपिया वजनाने व कसाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाशी जुळवण्यात आला. ही नाणी पाडली गेली कलकत्त्याच्या टांकसाळीत. रुपियाचे आता सोळा टांगे झाले, अगदी आपल्या सोळा आण्यांसारखे, आणि या मांडणीत शेराफिमाला जागाच उरली नाही.

टांगा मात्र चिवट निघाला. गोव्याच्या गावकरीत, म्हणजे गावाची जमीन सामाईक राखणाऱ्या संस्थेत, त्या जमिनीच्या उत्पन्नातल्या हिश्श्यांनाही टांगा म्हणत. वडिलोपार्जित शेतात ‘आठ आणे हिस्सा’ सांगणाऱ्या आपल्याकडच्या भाऊबंदांना हे समजावून सांगायला नको.

पुढच्या आठवड्यात बाझारूक : एका टांगाला पाऊणशे मिळणारे गोव्याचे चिल्लर.