बोटीवरचे ‘बारा व्होल्ट’
राउटरला १२ व्होल्ट लागतात, बोटीची बॅटरीही १२ व्होल्टचीच. मग तारा थेट जोडाव्यात का? आपण व्होल्टमीटर लावून पाहू. पूर्ण चार्ज झालेली शिसे-आम्ल बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन चालून ती चार्ज होत असताना आकडा १४.४ पर्यंत चढतो. स्टार्टर फिरवताना १० च्या आसपास घसरतो. म्हणून मध्ये विभवांतर १२ वर स्थिर राखणारा डीसी-डीसी परिवर्तक हवा आणि बॅटरीजवळ फ्यूज. इन्व्हर्टरने २३० व्होल्ट करून पुन्हा १२ वर आणण्यात ऊर्जा वाया जाते.

आता हिशेब करू. ६ वॉटचा राउटर अर्धा अँपिअर घेतो; २४ तासांत १२ अँपिअर-तास, आठवड्यात ८४. नांगरलेल्या बोटीत हे विसरलो, तर इंजिन सुरू करायलाच वीज उरणार नाही.