‘मंडळी’, ‘वडील’ आणि ‘स्खलन’ : हिलसाँग चर्चच्या उत्कर्षाचा व संकटाचा एक शब्दार्थविचार

‘मेगाचर्च’ हा शब्द मराठीत आणू गेले असता पहिली अडचण अशी येते की, इंग्रजीत ज्या सर्वांना ‘चर्च’ हे एकच नाव पुरते त्यांना मराठीत एक नाव नाही. इमारत अभिप्रेत असेल तर वसईकडे ‘देऊळ’ म्हणतात, अन्यत्र ‘मंदिर’ किंवा सरळ ‘चर्च’. परंतु त्या इमारतीत जमणाऱ्या माणसांना मराठी बायबलने ‘मंडळी’ हा शब्द दिला, आणि तो फार विचारपूर्वक दिला असे म्हणावे लागते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बोलावून एकत्र आणलेला जनसमुदाय’ असा आहे. आणि ‘मंडळी जमली’, ‘मंडळी जेवायला बसली’ असे म्हणताना आपल्या मनात जी परस्परांना ओळखणारी माणसे येतात त्यांच्याशी हा अर्थ चांगला जुळतो. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील धर्मविषयक संशोधनसंस्थेने ज्या चर्चची साप्ताहिक उपस्थिती सरासरी दोन हजार वा अधिक आहे त्याला ‘मेगाचर्च’ म्हणावे असा संकेत रूढ केला आहे. त्याला आपण ‘महामंडळी’ म्हणू लागलो तर वाचकाला एस. टी. महामंडळाची आठवण व्हावयाची. पण ती आठवण अगदीच अस्थानी ठरणार नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात उदयास आलेल्या हिलसाँग चर्चचा विचार करावयाचा आहे. त्याची वाढ असामान्य होती आणि त्याच्या नेतृत्वावर आलेली संकटेही सर्वश्रुत आहेत. त्या दोहोंचा वृत्तांत वृत्तपत्रांतून व चित्रपटांतून पुष्कळ आला. तो वाचताना प्रस्तुत लेखकाचे लक्ष घटनांइतकेच त्या घटनांना दिल्या गेलेल्या नावांकडे वेधले गेले. आणि त्या नावांमुळे काय झाले व काय होऊ शकले नाही, याचाच येथे मुख्यतः शोध घेतला आहे.

हिलसाँग हे पेंटेकॉस्टल पंथाचे चर्च होय. पवित्र आत्म्याचा प्रत्यक्ष संचार, त्यापासून प्राप्त होणारी अन्य भाषांत बोलण्याची शक्ती, रोगनिवारण, उत्कट सामुदायिक उपासना ही या पंथाची लक्षणे आहेत. त्याचा उगम सामान्यतः लॉस एंजेलिस येथील १९०६ च्या जागृतीत दाखविला जातो. परंतु पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्येच अशा प्रकारची जागृती झाली होती, आणि पंथाच्या प्रारंभाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आता तिचीही गणना करतात. ऑस्ट्रेलियातील पहिली पेंटेकॉस्टल मंडळी मेलबर्न येथे १९०९ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या प्रमुखही एक स्त्रीच, सारा जेन लँकेस्टर, होत्या. पुढे १९३७ मध्ये तेथील अनेक मंडळ्यांचा मिळून ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ नावाचा संघ झाला. या नावाचा शब्दशः अर्थ ‘देवाच्या मंडळ्या’ असाच आहे. स्थानिक मंडळी स्वायत्त असावी आणि तिने आपला पाळक स्वतः निवडावा, अशी या संघाची जुनी रीत होती.

फ्रँक ह्यूस्टन हे न्यूझीलंडमधील पाळक सिडनीस आले व १९७७ मध्ये त्यांनी ‘सिडनी ख्रिश्चन लाइफ सेंटर’ स्थापन केले. त्यांचे पुत्र ब्रायन आणि स्नुषा बॉबी यांनी १९८३ मध्ये शहराच्या वायव्येकडील बॉलकम हिल्स या उपनगरात, एका शाळेच्या सभागृहात, ‘हिल्स ख्रिश्चन लाइफ सेंटर’ सुरू केले. पहिल्या उपासनेस पंचेचाळीस माणसे होती असे संस्थाच सांगत आली आहे. म्हणजे ती आपल्या अर्थाने मंडळी होती. कोण आले, कोण आले नाही हे नुसत्या नजरेने कळावे एवढीच. नवी घरे, तरुण कुटुंबे आणि वाढते उत्पन्न असलेला हा उपनगरी प्रदेश होता. जुन्या पंथांच्या चर्चमध्ये जी औपचारिकता होती ती येथे नव्हती. २००२ मध्ये या मंडळीच्या साडेतीन हजार आसनांच्या सभागृहाचे उद्घाटन ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या हस्ते झाले. लंडन, कीव्ह, न्यूयॉर्क अशा नगरांतून तिच्या शाखा निघाल्या. भरभराटीच्या काळात सुमारे तीस देशांत मिळून आठवड्याला दीड लाख उपस्थिती असल्याचे संस्था सांगत असे.

या वाढीचे कारण पैसा असे काही टीकाकार म्हणतात, आणि ब्रायन ह्यूस्टन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘यू नीड मोअर मनी’ या ग्रंथाकडे बोट दाखवितात. (‘तुम्हाला अधिक पैसा हवा’ हे शीर्षक आपणांस पुढे भोवले, असे स्वतः ग्रंथकर्त्यानेच नंतर कबूल केले.) परंतु पैसा हा वाढीचा परिणाम जितका होता तितका तिचा हेतू नव्हता. खरे वाहन गीत हे होते. डार्लीन चेक यांनी १९९३ मध्ये रचलेले ‘शाउट टू द लॉर्ड’ हे गीत जगभरच्या चर्चमधून गायिले गेले. आणि या संस्थेतून निघालेल्या ‘व्हॉट अ ब्यूटिफुल नेम’ या गीतास २०१८ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. चर्चला अशी गीते गावयाची तर परवाना घ्यावा लागतो, कोणती गीते गायिली त्याची नोंद द्यावी लागते, आणि त्या नोंदीनुसार स्वामित्वशुल्काची वाटणी होते. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या ‘उपासनासंगीता’तून गातात, पण त्यामुळे टिळकांच्या नावाची एखादी संस्था देशोदेशी पसरली नाही. सिडनीत मात्र गीत पुढे गेले आणि संस्था त्याच्या मागून गेली.

याचा भाषिक पुरावा संस्थेच्या नावातच आहे. ‘हिलसाँग’ हे प्रारंभी चर्चचे नाव नव्हते. ते त्याच्या संगीताचे व संमेलनाचे नाव होते. बापाची व मुलाची अशा दोन्ही मंडळ्या एकत्र आल्यानंतर २००१ च्या सुमारास तेच चर्चचे नाव झाले. ‘हिल्स’ हे स्थलवाचक पद होते. ते कोठे आहे असे विचारता येत होते. ‘हिलसाँग’ला स्थळ नाही. ते लंडनला लागते, न्यूयॉर्कला लागते. मंडळीचे नाव तिच्या गावावरून पडते, ही जुनी रीत. करिंथची मंडळी, इफिसची मंडळी. येथे नाव व्यापारी चिन्हासारखे झाले, आणि चिन्ह म्हटले की त्याची प्रतिष्ठा जपणे हे एक स्वतंत्र कर्तव्य होऊन बसते.

याच काळात सत्तेचीही भाषा बदलली. १९७०–८० च्या दशकांत ऑस्ट्रेलियातील असेंब्लीज ऑफ गॉडमध्ये मंडळीने निवडलेल्या पाळकाच्या जागी ‘प्रेषितीय’ अधिकाराचा, म्हणजे देवाने दृष्टान्त देऊन नेमलेला नेता ही कल्पना बळावली. १९९७ मध्ये ब्रायन ह्यूस्टन त्या संघाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले व २००९ पर्यंत त्या पदावर राहिले. हिलसाँगमध्ये त्यांचे पद ‘ग्लोबल सीनियर पास्टर’ असे होते. ‘पास्टर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मेंढपाळ. इंग्रजी बोलणाऱ्यास तो आता ऐकू येत नाही, मराठी माणसास मात्र ‘पाळक’ म्हणताच ‘पाळणे’ ऐकू येते. ‘जागतिक ज्येष्ठ मेंढपाळ’ असे भाषांतर करून पाहिले म्हणजे त्या पदनामातील विसंगती ध्यानात येते. जो आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो तो पाळक. दीड लाखांना कोण ओळखणार? नेतृत्व दांपत्याकडे असे, आणि पुत्रांपैकी एक न्यूयॉर्कच्या व दुसरा लॉस एंजेलिसच्या शाखेत नेतृत्वस्थानी होता. नेता कोण असावा याविषयी आसनांवर बसणाऱ्या श्रोत्यांना मत नव्हते.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. १९९९ च्या उत्तरार्धात ब्रायन ह्यूस्टन यांच्यापर्यंत एक तक्रार आली की, फ्रँक ह्यूस्टन यांनी १९७० च्या दशकात सुमारे सात वर्षांच्या एका मुलावर लैंगिक अत्याचार केले होते. पुत्राने विचारले असता पित्याने कबुली दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संघाच्या कार्यकारिणीची सिडनीच्या विमानतळावर बैठक झाली. फ्रँक यांचा पाळकीचा अधिकार स्थगित करावा, पण वाच्यता करू नये, असे ठरले. पोलिसांना कळविले गेले नाही. लोकांच्या दृष्टीने फ्रँक पुढे ‘निवृत्त’ झाले आणि २००४ मध्ये निधन पावले. अत्याचारग्रस्तास, जो तोवर प्रौढ पुरुष झाला होता, दहा हजार डॉलर देण्यात आले.

मराठी बायबलात मंडळीची व्यवस्था पाहणाऱ्या ज्येष्ठांना ‘वडील’ म्हटले आहे. हाच शब्द आपण बापाला वापरतो. भाषांतरकारांच्या मनात श्लेष नसणार. परंतु सिडनीच्या या प्रकरणाचे वर्णन करण्यास याहून नेमका शब्द मिळणे कठीण. ज्याच्यावर आरोप होता तो वडील होता, म्हणजे बाप. आणि ज्याने आरोपाचा निवाडा करावयाचा तो वडील होता, म्हणजे संघाचा प्रमुख. आणि हा दुसरा पहिल्याचा मुलगा होता. संस्थांमधील बाल-अत्याचारांच्या चौकशीसाठी ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये स्थापन झालेल्या शाही आयोगाने या प्रकरणाची सुनावणी २०१४ मध्ये केली. राष्ट्रीय अध्यक्ष आणि आरोपीचा पुत्र या दोन नात्यांमुळे ब्रायन ह्यूस्टन यांच्या ठायी हितसंबंधांचा संघर्ष होता, आणि कार्यकारिणीने तक्रारींविषयीचे स्वतःचेच नियम पाळले नाहीत, असा निष्कर्ष आयोगाने २०१५ मध्ये नोंदविला.

येथे एक शब्दव्युत्पत्ती सांगणे अवश्य वाटते. मराठीतील ‘गुन्हा’ हा शब्द फारसी ‘गुनाह’ या शब्दापासून आला. फारसीत त्याचा मूळ अर्थ ‘पाप’ असा आहे. मराठीजवळ ‘पाप’ हा शब्द आधीच होता. म्हणून तिने आलेल्या पाहुण्याला कचेरीत नेऊन बसविले. परिणामी पाप देवासमोर आणि गुन्हा न्यायाधीशासमोर, अशी विभागणी आपल्या बोलण्यात सहज होते. पापाला पश्चात्ताप व क्षमा आहे. गुन्ह्याला फिर्यादी, पुरावा आणि शिक्षा आहे. एकच कृत्य दोन्ही असू शकते. पण एकाची क्षमा झाली म्हणून दुसरे नाहीसे होत नाही.

इंग्रजीतही हे दोन शब्द आहेतच. परंतु या चर्चच्या परिभाषेत तिसराच एक शब्दप्रयोग प्रचलित झाला आहे; त्याचे मराठी ‘नैतिक स्खलन’ असे करता येईल. ‘स्खलन’ म्हणजे पाय घसरणे. घसरणाऱ्याची आपल्याला कीव येते, त्याला हात द्यावासा वाटतो. शिवाय या क्रियेला कर्म लागत नाही. माणूस एकटाच घसरतो. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला या वाक्यात जागाच नाही. ‘अत्याचार केला’ म्हटले की ‘कोणावर?’ हा प्रश्न उभा राहतो, ‘स्खलन झाले’ म्हटले की तो उभा राहत नाही. न्यूयॉर्क शाखेचे प्रसिद्ध पाळक कार्ल लेंट्झ यांना नोव्हेंबर २०२० मध्ये दूर करताना ब्रायन ह्यूस्टन यांनी हाच शब्दप्रयोग योजला. लेंट्झ यांनी विवाहबाह्य संबंधाची कबुली दिली. प्रौढ माणसाचा व्यभिचार आणि बालकावरील अत्याचार या सर्वथा भिन्न गोष्टी आहेत. ज्या शब्दाच्या छत्राखाली दोन्ही मावू शकतात तो शब्द शास्त्रीय दृष्ट्या निरुपयोगी, आणि व्यवहारात निरुपद्रवी नव्हे.

या ठिकाणी न्यायाची बाजू सांगितली पाहिजे. गंभीर गुन्हा दडवून ठेवल्याबद्दल न्यू साऊथ वेल्सच्या फौजदारी कायद्याच्या ३१६ व्या कलमाखाली ब्रायन ह्यूस्टन यांच्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये आरोप ठेवण्यात आला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. अत्याचारग्रस्ताला पोलिसांकडे जाणे नको होते असे मानण्यास त्यांना आधार होता आणि हे न कळविण्याचे रास्त कारण ठरते, असा निर्णय झाला. अभियोगपक्षाने त्यांच्या जाहीर भाषणांतील शब्द मोघम होते यावर भर दिला होता. ते म्हणणे न्यायाधीशांनी स्वीकारले नाही, ह्यूस्टन याविषयी अनेकांजवळ उघडपणे बोलले होते असे त्यांना दिसले. प्रस्तुत लेखकास या निर्णयावर मत देण्याचा अधिकार नाही. मात्र शब्द मोघम होते की नव्हते, हा प्रश्न एका फौजदारी न्यायालयात पुराव्याचा विषय व्हावा, ही गोष्ट आमच्या शास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ह्यूस्टन यांचे पद गेले ते या खटल्यामुळे नव्हे. मार्च २०२२ मध्ये संस्थेच्या मंडळाने जाहीर केले की, गेल्या दहा वर्षांत दोन स्त्रियांनी त्यांच्या वर्तनाविषयी तक्रारी केल्या होत्या. एक तक्रार कर्मचारी स्त्रीस पाठविलेल्या अनुचित संदेशांची होती, दुसरी २०१९ च्या संमेलनाच्या वेळी एका स्त्रीच्या हॉटेलातील खोलीत जाण्याची होती. पहिल्या प्रसंगी झोपेच्या गोळ्या आणि दुसऱ्या प्रसंगी चिंताशामक औषध व मद्य यांचा उल्लेख निवेदनात होता. पाळकांच्या आचारसंहितेचा भंग झाला असे ठरले व त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही तक्रारी मंडळाला पूर्वीच ठाऊक होत्या. श्रोत्यांना त्या वृत्तपत्रांतून कळल्या. त्यानंतर अल्पावधीत अमेरिकेतील सोळा शाखांपैकी नऊ शाखा फुटून निघाल्या. २०१८ मध्येच हिलसाँग आपल्या मूळ संघातून बाहेर पडून स्वतंत्र पंथ झाले होते. म्हणजे ज्यांच्याकडे दाद मागावी असे बाहेरचे वडीलही आता उरले नव्हते. मार्च २०२३ मध्ये अँड्र्यू विल्की या सदस्यांनी संस्थेच्या खर्चासंबंधी कागदपत्रे ऑस्ट्रेलियाच्या संसदेपुढे ठेवली व गंभीर आरोप केले.

ह्यूस्टन यांच्यानंतर फिल डूली यांच्याकडे नेतृत्व आले आणि त्यांनी कारभार अधिक उघड करण्याचे आश्वासन दिले. पदाचे नाव मात्र ‘ग्लोबल सीनियर पास्टर’ हेच राहिले. अमेरिकेतील काही मंडळ्यांत आता, हिलसाँगची गीते रविवारच्या उपासनेत गावी की नाही, यावर वाद चालतो. त्या वादात निर्णय मंडळीलाच घ्यावा लागतो, कारण गीत कोणते गावे हे सिडनीहून ठरविता येत नाही.