दोन साखळ्यांमधील सेतू

चेन्नई शहरात एग्मोर आणि सेंट्रल ही दोन मोठी रेल्वेस्थानके परस्परांपासून सुमारे दोन किलोमीटर अंतरावर आहेत. १९०८ साली सुरू झालेल्या एग्मोरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या दीर्घकाळ मीटरमापी रुळांवरून धावत असत, तर सेंट्रलच्या गाड्या रुंदमापी रुळांवरून. एका मार्गाच्या रुळांतील अंतर १ मीटर, दुसऱ्याचे १.६७६ मीटर, त्यामुळे एका मार्गावरील वाघीण दुसऱ्यावर जाऊच शकत नसे. माल उतरवून पुन्हा भरणे एवढाच मार्ग उरे.

कूटचलनांच्या जगात आज अशीच अडचण आहे. ब्लॉकचेन म्हणजे असंख्य संगणकांनी मिळून सांभाळलेली, मागाहून सहजी न बदलता येणारी खातेवही होय. बिटकॉइनची वही २००९ साली सुरू झाली, इथेरियमची २०१५ साली. प्रत्येक वही केवळ स्वतःच्या नोंदी ओळखते. रेल्वेच्या मालाला निदान हमाल तरी उचलून नेत. बिटकॉइन मात्र आपल्या वहीबाहेर कधीच पडत नाही.

मग ते ‘हलवतात’ कसे? पहिल्या पद्धतीस सेतू म्हणतात. मूळ नाणे एका साखळीवर कुलूपबंद करावयाचे आणि दुसऱ्या साखळीवर तेवढ्याच मोलाचे प्रतिनाणे काढावयाचे. हे प्रतिनाणे म्हणजे वखारीची पावतीच. परत जाताना पावती रद्द होते व मूळ नाणे मोकळे होते.

दुसरी पद्धत थेट अदलाबदलीची. दोघेही आपापली नाणी एकाच गुप्त संख्येच्या कुलुपात ठेवतात. ती संख्या पहिल्यालाच ठाऊक असते. पण दुसऱ्याचे नाणे घेण्यासाठी त्याला ती उघड करावी लागते आणि तिच्याच आधारे दुसरा पहिल्याचे नाणे घेतो. मुदतीत व्यवहार न झाल्यास ज्याचे त्याला परत मिळते. येथे मध्यस्थावर विश्वास टाकावा लागत नाही.

सेतूचे तसे नाही. वखार रिकामी झाली की पावती कवडीमोल ठरते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘वर्महोल’ या सेतूवर तारण न ठेवताच १,२०,००० प्रतिनाणी काढण्यात आली. त्यांची किंमत ३० कोटी डॉलरांहून अधिक होती. पुढच्याच महिन्यात ‘रोनिन’ सेतूच्या नऊ राखणदारांपैकी पाच जणांच्या किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरांहून अधिक मालमत्ता गेली.

तिसरी व सर्वांत प्रचलित वाट विनिमय केंद्राची. तेथे ग्राहकाची नाणी केंद्राच्याच ताब्यात असतात. १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या भारतीय केंद्रातून इथेरियमवरील टोकन चोरीस गेले. एका गुंतवणूकदाराकडे मात्र ‘एक्सआरपी’ ही निराळ्या साखळीवरील नाणी होती. तरीही तिचे खाते गोठले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिला अंतरिम संरक्षण दिले. चोरीस गेलेली नाणी वेगळी होती, याची न्यायालयाने नोंद घेतली आणि कूटचलन ही मालमत्ता असून ती विश्वस्त म्हणून धारण करता येते, असे म्हटले.

तेव्हा एका साखळीवरून दुसरीकडे जाऊ इच्छिणाऱ्याने दोन गोष्टी आधी पाहाव्यात: मूळ नाणे कोठे राहील आणि त्याची किल्ली कोणाच्या हाती असेल. शुल्क आणि वेग यांचा विचार त्यानंतरचा.