जुन्या प्रवासी शिडनौकेच्या स्थिर तारा : बदलाची आवश्यकता व पद्धती

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात कमांडर अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी मोडली. मुंबईत बांधलेल्या आणि १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने जगप्रदक्षिणेस नेलेल्या 'सुहेली'ची ही गोव्यात घडलेली प्रतिकृती. कण्याला जबर दुखापत झालेल्या टॉमी यांची सुटका तीन दिवसांनी झाली. तेथे कारण वादळ होते. नौका नवीच होती. मात्र तीस-चाळीस वर्षांच्या नौकेवर हाच प्रसंग साध्या वाऱ्यातही ओढवू शकतो. त्याचे कारण बहुधा डोलकाठीत नसून तिला धरून ठेवणाऱ्या तारांत असते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

डोलकाठी हा यांत्रिकीच्या दृष्टीने एक सडपातळ स्तंभ होय. ऑयलरच्या सूत्रानुसार अशा स्तंभाची भारक्षमता त्याच्या आधाररहित लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मधला आधार सुटून ही लांबी दुप्पट झाली, की सैद्धांतिक क्षमता एक चतुर्थांशावर येते. एक तार तुटताच संपूर्ण काठी कोसळते, ती यामुळेच.

आधुनिक नौकांत सामान्यतः १९ पेडी स्टेनलेस स्टीलची तार वापरतात. हे पोलाद क्रोमियम ऑक्साइडच्या सूक्ष्म थरामुळे गंजत नाही. पण तो थर टिकण्यास प्राणवायू लागतो. तारेच्या टोकावर दाबून बसविलेल्या नळीत खारे पाणी शिरून अडकते, तेथे प्राणवायू पोहोचत नाही आणि फटीतला गंज आतल्या आत वाढतो. त्यातच वाऱ्याच्या आडबाजूची सैल तार सतत थरथरत राहून टोकाशी धातूला थकवा आणते. तारेचा मधला भाग मात्र चकचकीतच राहतो! जुनी जस्तलेपित तार निदान तांबूस होऊन इशारा देत असे. म्हणूनच तारा दिसण्यावरून नव्हे, तर वयावरून, साधारणतः दहा ते पंधरा वर्षांनी, बदलाव्यात हा प्रघात योग्य वाटतो. एक जरी पेड तुटलेला आढळला, तर मुदतीची वाट पाहू नये.

केवळ तारा बदलून काम संपत नाही. डेकमधून आत जाणाऱ्या, तारा अडकविण्याच्या पोलादी पट्ट्या (चेनप्लेट) बाहेर काढून तपासल्या पाहिजेत. त्यांचा डेकच्या जाडीत लपलेला भाग सर्वाधिक संशयास्पद. खर्च वाचविण्यासाठी नेमके हेच टाळले जाते, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

क्रेनने काठी उतरविणे उत्तम. ते शक्य नसल्यास एका वेळी एकच तार काढावी व तिच्या जागी शीड चढविण्याचा जादा दोर डेकवर ताणून बांधावा. जुनी तार ताणलेली असतानाच खिळीपासून खिळीपर्यंतचे अंतर मोजावे. टोकांसाठी हातच्या अवजारांनी बसणारे, उघडून तपासता येणारे यांत्रिक जोड दूरच्या प्रवासास अधिक सोयीचे. मूळ मापापेक्षा जाड तार घेण्याचा मोह टाळावा. उंचावरचे वजन वाढते आणि खिळ्याही जुळत नाहीत. नव्या तारा सुरुवातीस किंचित लांबतात. त्यामुळे टर्नबकलमध्ये आवळण्यास वाव ठेवावा, पहिल्या काही फेऱ्यांनंतर ताण पुन्हा जुळवावा आणि मगच सुरक्षा-पिना कायमच्या वाकवाव्यात.