पट्टा आणि पठ्ठा

विद्यालयांत परीक्षा असतात, नोकरींत श्रेणी असतात. तशीच शरीरबळाच्या विद्येंतहि कोण कोणत्या पायरीवर उभा आहे हें ठरविण्याची कांहींतरी रीत असावी लागते. ब्राझील देशांत वाढलेल्या जिउ-जित्सु या अंगलढतीच्या विद्येंत ही पायरी कमरेच्या पट्ट्याच्या रंगावरून ओळखतात. जत, सांगली, कऱ्हाड या मुलुखांतील मातीच्या कुस्तींत पैलवानाच्या कमरेला लंगोटाखेरीज कांहींच नसतें. म्हणून तेथें पायऱ्या नाहींत असें मात्र नव्हे. या दोन्ही रीती शेजारीं ठेवून पाहिल्या, म्हणजे वरची पायरी चढणें म्हणजे नेमकें काय, याचा उलगडा होतो.

आधीं पट्ट्याची हकीकत. जपानांत जिगोरो कानो या शिक्षकानें १८८२ सालीं ज्युदोची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षीं आपल्या दोन शिष्यांना पहिली श्रेणी बहाल केली. याच शाळेच्या परंपरेंत तयार झालेला मित्सुयो माएदा १९१४ सालीं ब्राझीलला गेला. त्याच्यापासून कार्लोस ग्रेसी ही विद्या शिकला. आणि ग्रेसी घराण्यानें जमिनीवर पडून करावयाच्या डावांवर भर देऊन तिला निराळें रूप दिलें. तिच्यांतील प्रौढांचे पट्टे पांच : पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा. आंतरराष्ट्रीय संघाच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणें निळ्या पट्ट्यांत निदान २ वर्षें, जांभळ्यांत दीड वर्ष आणि तपकिरींत १ वर्ष काढावें लागतें. १९ वर्षांखालील तरुणाला काळा पट्टा मिळत नाहीं. हा झाला नियम. प्रत्यक्षांत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पोंचावयास बहुधा दहा वर्षांचा काळ लोटतो. पट्टा देतो तो गुरु, आणि तो देतो शिष्याला वर्षानुवर्षें डोळ्यांखालीं घालून.

आतां जतकडे वळूं या. विजापूरच्या सीमेला लागलेला हा तालुका पावसाला पारखा आणि मराठी व कानडी दोन्ही भाषा बोलणारा. डफळ्यांचें हें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें आणि पुढें सांगली जिल्ह्यांत राहिलें. जतची यल्लमादेवीची यात्रा आणि तिच्यांतील जनावरांचा बाजार सर्वश्रुत आहे. या टापूंतील यात्रांचा शेवट बहुतेक कुस्त्यांच्या फडानें होतो. आणि पैलवानाची पायरी पाहावयाची ती याच फडांत.

हलगी कडाडूं लागते आणि प्रथम उतरतात तीं सात-आठ वर्षांचीं पोरें. त्यांची कुस्ती रेवड्यांवर लागते. मग नारळावरच्या कुस्त्या, मग थोड्या रुपयांच्या, मग मानाचा फेटा आणि मोठें इनाम. आणि दिवस कलूं लागला म्हणजे ज्यांचीं नांवें जाहिरातींत ठळक छापलेलीं असतात ती अखेरची जोड मैदानांत येते. रेवडीपासून या अखेरच्या कुस्तीपर्यंतचें अंतर एकाच दुपारीं डोळ्यांसमोरून सरकतें. पण तें तोडावयास पैलवानाला पंधरा-पंधरा वर्षें लागतात.

या शिडीवरची खरी परीक्षा कुस्तीच्या आधींच होते. तिचें नांव जोड ठरविणें. दोन तरुण शेजारीं उभे राहतात. पंच त्यांची छाती, मान, मांड्या न्याहाळतात आणि विचारतात : गांव कोणतें, तालीम कोणती, वस्ताद कोण, मागच्या यात्रेंत कोणाला पाडलें? उत्तरें ऐकून, जोड लागते किंवा लागत नाहीं, असा निकाल देतात. जुन्या पंचाला दूरदूरच्या गांवांतील पोरांच्या हारजिती पाठ असतात. पट्टेवाल्याची पायरी कमरेला बांधलेली असते. मातींतल्या पैलवानाची पायरी लोकांच्या स्मरणांत असते.

दोन्ही रीतींत गुण आहेत, तसे दोषहि आहेत. पट्टा एकदां मिळाला म्हणजे बहुधा जात नाहीं. म्हणून अंगांत जोम उरला नाहीं तरी रंग कायम राहतो. मातींतील कीर्ति उलट दर यात्रेंत पणाला लागते आणि एका चीतपटीनें खालीं येते. पण जेथें दाखला नाहीं तेथें खोटेपणालाहि वाव असतो. दोघांनीं आधींच संगनमत करून खेळलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. अशा कुस्तीनें इनाम मिळतें, पण जाणत्यांच्या मनांतली जागा जाते. आणि ती परत मिळविणें फार कठीण.

मग खालच्या आणि वरच्या पायरींत फरक कोणता? नवशिका जिंकतो तो अंगच्या ताकदीवर आणि एखाद्या आवडत्या डावावर. पट काढावयाचा तर तो सरळ पायावर झेप घालतो. प्रतिस्पर्धी जाणता असला तर पाय मागें टाकून सगळा भार मानेवर देतो आणि झेप फुकट जाते. मुरलेला पैलवान प्रथम मान खालीं ओढतो. समोरचा मान वर काढण्यासाठीं ताठ होतो, आणि त्या क्षणीं त्याचे पाय उघडे पडतात. पट तेव्हां निघतो. म्हणजे वरच्या पायरीवरचा माणूस एक डाव करीत नाहीं. समोरच्याला हालचाल करावयास लावून तिचाच उपयोग करतो. त्याची पकड कमी आवळलेली असते, श्वास कमी चढतो, आणि समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे हें त्याच्या हातांना कळतें.

जिउ-जित्सुंतहि हेंच घडतें, मात्र उलट्या बाजूनें. मातींत पाठ टेकली कीं कुस्ती संपली. तेथें पाठ टेकल्यावरहि लढत चालू राहते. खालीं पडलेल्यानें पायांच्या कैचींत वरच्याला अडकवून गळा किंवा सांधा धरावयाचा असतो. म्हणून मधल्या पट्ट्यांचीं वर्षें मुख्यतः अडचणींत शांत राहावयास शिकण्यांत जातात.

हीं मधलीं वर्षेंच दोन्हीकडे सर्वांत अवघड. आरंभीं प्रगति दर महिन्याला दिसते. पुढें एक वेळ अशी येते कीं सर्वांना याचा डाव कळलेला असतो आणि हा जिथल्या तिथें थांबतो. जतसारख्या दुष्काळी भागांत हा थांबा घरालाहि जाणवतो. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक रोज लागतो. आणि ज्या वर्षीं वैरण नाहीं त्या वर्षीं म्हशीचें दूध विकावें कीं मुलाला पाजावें, हा प्रश्न आईपुढें उभा राहतो. दोन यात्रांत मुलाचें इनाम वाढलें नाहीं, म्हणजे त्याला परत शेतावर बोलावून घ्यावें असें घरच्यांना वाटूं लागतें. अशा वेळीं इनामाच्या आंकड्यावरून पारख करणें चुकीचें. मुलगा कोणाशीं हरतो आणि किती वेळानें हरतो, हें पाहावें. गेल्या वर्षीं ज्यानें त्याला दोन मिनिटांत आस्मान दाखविलें, त्याच्याशीं यंदां तो पंधरा मिनिटें झुंजला, तर इनाम तेंच असूनहि पायरी बदललेली असते.

खाशाबा जाधवांचें उदाहरण याहून पुढचें आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातींत नांव मिळवून १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेला. तेथें गादी निराळी, नियम निराळे, गुणांची पद्धत निराळी. त्याचा क्रमांक सहावा आला. मातींतल्या मानाला कवटाळून न बसता तो पुन्हां नवशिक्यासारखा गादीवरची कुस्ती शिकला, आणि १९५२ सालीं हेलसिंकीला त्यानें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढें १९६२ सालीं जकार्ताच्या आशियाई सामन्यांत सांगली जिल्ह्यांतीलच पुनवतचे गणपत आंदळकर आणि कवठे पिरानचे मारुति माने या दोघांनीं प्रत्येकीं एक सुवर्ण व एक रौप्य पदक आणलें.

१९६१ पासून महाराष्ट्र केसरीच्या किताबामुळें मातीच्या शिडीलाहि लेखी पायऱ्या आल्या. जिल्ह्याची निवड चाचणी, राज्याचें अधिवेशन, माती व गादी असे दोन विभाग, दोहोंच्या विजेत्यांची अखेरची कुस्ती, आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर गदा. तरीहि फडाची जुनी रीत मोडलेली नाहीं. अखेरच्या कुस्तीपूर्वीं पुकारा होतो त्यांत पैलवानाच्या नांवामागोमाग गांव येतें आणि तो कोणत्या वस्तादाचा पठ्ठा हें सांगितलें जातें. पट्टाहि मुळांत हेंच सांगतो : याला कोणीतरी घडविलें आहे.

म्हणून वरच्या पायरीची शेवटची खूण इनामांत सांपडत नाहीं. ती पहाटे तालमींत सांपडते. फावड्यानें माती उकरून झालेली असते. गांवोगांव नांव झालेला मल्ल एखाद्या कोवळ्या पोराला समोर घेतो, पाहिजे तर सहज उलथून टाकील अशा त्या पोराला मान देतो, पट काढूं देतो, आणि पाय चुकीच्या जागीं पडला कीं थांबवून पुन्हां करावयास लावतो. तें पोर उद्यां रेवड्यांच्या कुस्तींत उतरेल, तेव्हां पंच त्याला वस्तादाचें नांव विचारतील. त्या उत्तरांत या मल्लाची पायरी ठरेल.