घरगुती जलतापकातील बिघाड आणि पाण्याची दुष्फेनता

स्नानगृहातील विद्युत् जलतापक, म्हणजेच बोलीतील गिझर, बिघडला की प्रथम वायरमनला पाचारण होते. प्रवाह येतो की नाही, तार जळाली की काय, याची परीक्षा होते. एखादा भाग बदलला जातो आणि वर्षा-दीड वर्षाने तोच प्रसंग पुन्हा उद्भवतो. बिघाड विजेच्या भागात दिसत असला तरी त्याचे मूळ पुष्कळदा पाण्यात असते, ही गोष्ट या परीक्षेत दुर्लक्षित राहते. ज्या तांब्याच्या बंबाची जागा गिझरने घेतली, त्याच्याही आत क्षारांची पुटे चढतच. परंतु बंबाचे झाकण काढता येई, पुटे खरवडता येत आणि वाफेला बाहेर पडण्यास वाट असे. गिझर हे बंद भांडे आहे. आत काय साचले आहे हे गृहस्थाला दिसत नाही, आणि पुढील बहुतेक अडचणी या एका फरकातून निघतात.

दख्खनच्या काळ्या अग्निजन्य खडकातून झिरपलेले विहिरींचे व बोअरचे पाणी सामान्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या बायकार्बोनेटांनी युक्त असते. त्यात साबणाचा फेस सहजी होत नाही, म्हणून ते दुष्फेन. बोलीत त्यास जड पाणी म्हणतात. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र तो शब्द जपून वापरावा, कारण त्याच्या शास्त्रात जड पाणी हा अगदी निराळा पदार्थ आहे. हे पाणी तापले की बायकार्बोनेटाचे विघटन होते, कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. साखर उष्ण पाण्यात अधिक विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटाचे वर्तन नेमके उलट आहे. त्यामुळे जे पृष्ठ सर्वांत तप्त, त्यावरच त्याचा थर प्रथम व अधिक बसतो. धरणाचे मृदू पाणी मिळणाऱ्या घरी गिझर वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो, आणि बोअरवर किंवा टँकरवर भिस्त असलेल्या शेजारच्या इमारतीत त्याच बनावटीचा गिझर दोन हिवाळे काढीत नाही, याचा उलगडा येथे होतो.

या थरामुळे विजेचे देयक भरमसाट वाढते, असा एक समज रूढ आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. कोळशाच्या किंवा वायूच्या तापकात उष्णता भांड्याच्या बाहेरून आत येते. मध्ये क्षारांचा थर आला की ती पाण्यात न शिरता धुरावाटे निघून जाते, व इंधन खरोखरच वाया जाते. गिझरचे एलिमेंट मात्र पाण्यात बुडालेले असते. त्यात निर्माण झालेल्या उष्णतेस पाण्यावाचून अन्य वाट जवळजवळ नाही. थर कितीही जाड असो, ती अखेरीस पाण्यातच जाते. मात्र तेवढीच उष्णता थरातून पार ढकलण्यासाठी एलिमेंटला स्वतः अधिक तापावे लागते. तेव्हा हानी ऊर्जेची नव्हे, एलिमेंटची होते.

ही हानी किती, हे साध्या गणिताने कळते. २ किलोवॉटचे, ८ मिलिमीटर व्यासाच्या व ८० सेंटिमीटर लांबीच्या नळीचे एलिमेंट घेतले, तर त्याचे पृष्ठफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमधून सुमारे १० वॉट उष्णता बाहेर पडते. तांब्याची उष्णतावाहकता (वॉट प्रति मीटर प्रति अंश या मानाने) ४०० च्या आसपास आहे, तर क्षारथराची १ ते ३ इतकीच. ती १ धरली, तर १ मिलिमीटरच्या थरासाठी नळी सुमारे ९० अंशांनी अधिक तप्त व्हावी लागते आणि ३ मिलिमीटरच्या थरासाठी सव्वादोनशे अंशांच्या आसपास. पाणी ६० अंशांवर असताना नळी २८० अंशांपलीकडे गेली, असा याचा अर्थ.

अशा तापण्या-निवण्याने नळीच्या धातूला सूक्ष्म तडे जातात. नळी व आतील निक्रोमची तार यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती उत्तम विद्युत्-रोधक आहे, परंतु केवळ कोरडी असताना. तड्यातून पाणी शिरले की प्रवाह पाण्यात गळू लागतो. ही अवस्था फसवी आहे. कारण तार तुटलेली नसते, पाणी तापत असते आणि २३० व्होल्टवरील २ किलोवॉटच्या एलिमेंटचा रोध मोजला तर तोही योग्य, म्हणजे २६ ओहमच्या आसपास भरतो. दोष उघड करावयाचा तर तारेचे टोक व नळी यांमधील रोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजावयास हवा. भूसंयोजन, म्हणजेच अर्थिंग, नीट असेल व ३० मिलिअँपिअरची गळतीरोधक कळ बसविलेली असेल, तर प्रवाह तत्क्षणी खंडित होतो. दुर्दैवाने वारंवार पडणारी ती कळच सदोष ठरवून काढून टाकण्याची प्रथा आढळते. स्नान करणाऱ्या मनुष्याचे प्राण त्या कळीवर अवलंबून असतात.

पाणी उशिरा तापते, ही सर्वांत सामान्य तक्रार. तिची परीक्षा घड्याळाने करावी. १५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत नेण्यास २ किलोवॉटच्या तापकाला १८ मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. २४-२५ मिनिटे लागत असतील, तर गिझरला दोष देण्यापूर्वी विद्युत्-दाब मोजावा. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर ती तीन-चतुर्थांशावर येते. पाणी वेळेत तापते पण लवकर संपते, तर टाकीच्या तळाशी गाळ साचला असावा किंवा थंड पाणी आत आणणारी नळी तुटून दोन्ही पाण्यांचे मिश्रण होत असावे.

थर काढण्यासाठी मुख्य कळ बंद करून, टाकी रिकामी करून, एलिमेंट बाहेर काढावे व सायट्रिक आम्लाच्या कोमट द्रावणात बुडवून ठेवावे. छिन्नीने ठोकू नये. जोडणीचे रबरी वायसर प्रत्येक वेळी नवे घालावे. त्याच वेळी मॅग्नेशियमची दांडी पाहावी. हंफ्रे डेव्हीने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्त व लोखंड जोडून ते वाचविण्याचा उपाय सुचविला, त्याच तत्त्वावर ही दांडी स्वतः झिजून पोलादी टाकीला गंजापासून राखते. ती संपल्यावर काचलेपातील बारीक छिद्रांतून टाकी गंजू लागते, आणि टाकी एकदा गळू लागली की दुरुस्ती व्यर्थ होय.

वायूवरील गिझरचा धोका निराळा आहे. बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ साली लंडनमध्ये काढलेल्या ‘गीझर’ नामक यंत्राला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. बंद स्नानगृहात नळीविना बसविलेल्या आजच्या उपकरणातही तोच दोष राहतो, आणि प्राणवायू अपुरा पडताच गंधहीन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. असे उपकरण स्नानगृहाबाहेरच असावे. दुरुस्तीचा प्रश्न नंतरचा.

राहिली सुरक्षा-झडप. तिच्यातून पाणी ठिबकू लागले की ती गळते असे समजून तिचे तोंड बंद केले जाते. वस्तुतः २५ अंशांवरून ६० अंशांवर जाताना पाणी सुमारे १.४ टक्के प्रसरण पावते. १५ लिटरमागे ही वाढ २०० घन सेंटिमीटरहून थोडी अधिक. मागे जाण्याची वाट एकदिश झडपेने अडविलेली असल्यास एवढे पाणी बाहेर पडणे हेच त्या झडपेचे काम आहे. गिझर बंद असताही ती ठिबकत राहिली तर मात्र बैठकीत क्षारकण अडकले असे मानून ती बदलावी. तोंड बुजविलेल्या गिझरचा तापनियंत्रक चिकटून बसला व उष्णता-खंडकानेही दगा दिला, तर पाणी १०० अंशांवर न उकळता तापतच जाते. ८ बारच्या दाबाखाली ते १७५ अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. टाकी त्या क्षणी फुटली, तर पाण्याचा सुमारे सातवा भाग एकाएकी वाफ होतो. १५ लिटरच्या टाकीतून साडेतीन घनमीटरच्या आसपास, म्हणजे लहानसे स्नानगृह अर्ध्याहून अधिक भरेल इतकी. झडपेच्या तोंडास एक नळी जोडून ती मोरीपर्यंत उतरती न्यावी, आणि तिचे टोक उघडे ठेवावे.